एका रुपयाचा वेळ

खडकमाळ आळीत साळुंख्यांच्या पार्लरमध्ये
एका रुपयात दहा मिनिटं मिळायची.
दहा झाली की साळुंखे टीव्हीकडे बघायचेसुद्धा नाहीत,
हात मागे नेऊन खटका पाडायचे.
बाळू तसाच हवेत. उडी अर्धी.

बाळू हे नाव आम्ही ठेवलेलं.
कॅसेटवरचा कागद आमच्याआधीच कुणीतरी सोललेला.
हिरव्या डगल्यातला बारा ठिपके उंच बुटका,
हातात कंदील, पुढं आठ मजले:
पाण्याचा, चिमण्यांचा, उलटा, मग मोजत नसू,
शेवटी एक दार.
दारापलीकडं काय, ते दोन रुपयेवाल्यांना ठाऊक.

म्हणून आम्ही पळायला लागलो.
हौस कसली.
वटवाघूळ मारायला पाऊण सेकंद लागतो,
त्यापेक्षा त्याच्याच डोक्यावर पाय देऊन पुढं.
वाटेतली नाणी तशीच सोडायची,
नाण्याकडं न बघणं मला तिथं जमलं,
बाहेर कधीच नाही.

पहिला पोचला इद्रिस बागवान.
गुरुवार होता, आणि लाइट नेमकी उशिरा गेली.
नऊ एकावन्न.
दारामागं बाळूचं घर होतं, चूल होती,
आणि जपानीत एक ओळ, जी आम्ही सगळ्यांनी
वाचता येत असल्यासारखी वाचली.
मशीन बंद केलं की आकडे विसरायचं,
म्हणून साळुंख्यांनी शटरच्या आतल्या बाजूला
खडूनं लिहून ठेवलं: इ. बा. ९.५१
दिवसभर ते गुंडाळलेलं वर.
साळुंखे झोपायचे दुकानातच,
रात्री त्यांच्या एकट्यासमोर उघडत असेल.

आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.
मी स्वारगेट डेपोला कंडक्टर.
अंगठा दिवसभर तिकिटाच्या मशीनवर,
रात्री धनकवडीच्या खोलीत
जुन्या बाजारातून आणलेल्या डबा टीव्हीसमोर.
चपटे टीव्ही चालत नाहीत, उशिरा दाखवतात.
सेकंदाचे पन्नास तुकडे, त्यातले चार खातात,
आणि चार तुकड्यांत खड्डा येऊन जातो.
प्रयत्न जुन्या वेबिलांच्या कोऱ्या पाठीवर मांडते.
शेजारची नलूताई विचारते,
भिंतीतून टकटक येते, शिलाई मशीन घेतलंस का?
हो म्हणते.
एकदा ब्लाउज टाकायला आली, तेव्हा पंचाईत झाली.

प्रयत्न दोन हजार आठशे एकेचाळीस.
चिमण्यांच्या मजल्यावर जरा चुकले,
मनात म्हटलं सोड,
अंगठ्यानं ऐकलं नाही.
उलट्या मजल्यावर खांब सरकायच्या आत खालून गेले,
तिथं मी आयुष्यात कधी वेळेवर पोचले नव्हते.
दार. घर. चूल.
नऊ एकोणपन्नास.

पहाटेचे चार दहा.
या वेळी सांगायचं कुणाला?
एकच माणूस जागा असणार. त्याला मार्केट यार्डात
सीताफळांच्या लिलावाला उभं राहायचं असतं.

"कोण? ओव्हाळांची सुषमा?"
मागं हमालांची ओरड, क्रेट आपटल्याचे आवाज.
सांगितलं.
थोडा वेळ फक्त आकडे ऐकू आले,
नव्वद, पंच्याण्णव, पंच्याण्णव एक वार.
मग म्हणाला,
"पाण्याच्या मजल्यावर डाव्या भिंतीत पाठीनं शिरलीस का?"
भिंतीत?
"पाठ करून, उडीच्या शेवटच्या क्षणाला.
भिंत आत घेते, पलीकडं सोडते.
सहा सेकंद वाचतात."
मग तू नऊ एकावन्न का केलंस?
"पोचत होतो ना दहाच्या आत.
दाखवलं असतं तर सगळेच पोचले असते,
आणि साळुंख्यानं रुपयाची आठ मिनिटं केली असती."
मग कुणाला तरी ओरडला, "अरे, ओला माल खाली नको!"
आणि फोन तसाच चालू राहिला, खिशात बहुतेक.

तीस वर्षं
मी त्या भिंतीला वळसा घालतेय.

पहिली गाडी पाच चाळीसला.
डबा भरायचाय, गणवेशाला इस्त्री नाही.
चहाचं आधण ठेवलं, गॅस बारीक केला.
एका रुपयाचा वेळ आहे.
बाळू, पाठ कर.